अप्पारावांनी पास केलेली जमीन

त्या उन्हाळ्यात प्लॉट कुणी घेईना. शिवराज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून नल्लकुंट्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी तोच शर्ट पाठीला चिकटवून परत यायचा. त्याचं काम जाहिराती लिहिण्याचं. रिंग रोडच्या पलीकडे त्याच्या कंपनीनं मोठी जमीन घेऊन तिचे तुकडे पाडले होते, आणि हैदराबादच्या मराठी घरांना त्या तुकड्यांचं वर्णन त्यांच्या भाषेत पोचवायला शिवराजला ठेवलं होतं. 'तळ्याच्या काठावर, काळ्या कसदार जमिनीत तुमचं शेतघर. बारा महिने ओलावा.' वाक्यं चांगली होती. पण चिक्कडपल्लीच्या, तारनाक्याच्या लोकांना अशी वाक्यं रोज फोनवर येतात, आणि ती अंगठ्यानं वर ढकलून ते आपल्या कामाला लागतात. वैशाखापर्यंत काही विकलं गेलं नाही तर तुझं काय करायचं ते बघावं लागेल, असं मॅनेजर ओमकारनं शिवराजला हसत हसत सांगितलं होतं.

घरात म्हातारा बाप होता. अप्पाराव मूळचे बिदर जिल्ह्यातले, औरादकडचे. भावकीच्या वाटणीत रानाचे तुकडे होत होत शेवटी हातात बांधाएवढी पट्टी राहिली, तीही गेली, आणि अप्पाराव बायकोला, सावित्रीबाईंना, घेऊन लेकाकडे आले. इथे आल्यावर त्यांनी गच्चीवर रंगाच्या जुन्या बादल्यांत मेथी लावली होती. ती चांगली तरारून आली, आणि बादल्यांचं पाणी झिरपून घरमालकिणीच्या छताला ओल आली. मालकीण अप्पारावांशी काही बोलली नाही. तिनं सावित्रीबाईंना जिन्यात गाठून, तुमच्या म्हाताऱ्याला सांगा, हे गाव नाही, एवढंच सुनावलं. बादल्या भंगारवाल्याला गेल्या. तेव्हापासून अप्पाराव खिडकीपाशी बसून असत. रिकामा बसलेला शेतकरी दोन खोल्यांत किती जागा अडवतो, ते त्या घरालाच ठाऊक.

"बापू," एका संध्याकाळी जेवताना शिवराज म्हणाला, "उद्या माझ्यासोबत जमीन बघायला येता का? ओमकार सर बोलले, घरातलं कुणी जाणतं माणूस असलं तर आणा."

अप्पारावांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. जमीन बघायला बोलावणं ही त्यांच्याकडे साधी गोष्ट नव्हती. कुणी रान विकत घेणार असलं की आधी जाणत्याला नेत. तो माती बघे, आणि 'घ्या' म्हणाला की घेणारा डोळे झाकून घेई. त्याला पैसे द्यायचे नाहीत; दिले तर तो अपमान. नारळ, टॉवेल आणि टोपी द्यायची. पहिली मूठ त्याच्याच हातानं पेरून घ्यायची, म्हणजे रान पास केल्याची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते. अप्पारावांचे वडील अंबाजी असे जाणते होते. अप्पारावांना तो मान कधी मिळाला नाही. ज्याचं स्वतःचंच रान राहिलं नाही, त्याला दुसऱ्याच्या रानाबद्दल कोण विचारणार?

"कुनासाठी बगायची?" त्यांनी विचारलं.

"आपल्याच लोकांसाठी. तुम्ही सांगितलं तर त्यांना भरोसा वाटेल."

"मी खरं ते सांगनार. चांगली आसंल तर चांगली, न्हाई तर न्हाई."

"खरंच सांगा की, बापू. खोटं कोण सांगायला लावतंय?"

दुसऱ्या दिवशी ते गेले. अप्पारावांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला. चैत्राचं ऊन डोक्यावर होतं. लांबवर मातीचा जुना बांध दिसत होता आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याचं एक डबकं चमकत होतं. ते तळं, असं ओमकारनं हात करून सांगितलं. बांधापासून इथवर सगळं काळंभोर सपाट रान पसरलं होतं, तडकलेलं, एक दगड नसलेलं.

अप्पारावांनी आधी काठी एका भेगेत घातली. ती मुठीपर्यंत आत गेली. मग उकिडवं बसून त्यांनी एक ढेकूळ उचललं आणि दोन्ही तळव्यांत दाबलं. ते फुटलं, चुरा बोटांच्या फटींतून सांडला. चिमूटभर जिभेवर ठेवून खारट लागते का पाहिलं. थोड्या मातीला थुंकी लावून वळी वळली, ती तुटली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. किती वर्षांनी हातात माती आली होती, आणि खरं सांगायचं तर अशी माती त्यांच्या स्वतःच्या रानातही कधी नव्हती.

ओमकार फोनवर शूटिंग करत समोर उभा होता. "काका, जे वाटतंय ते बोला ना. हल्लू हल्लू बोला."

"काय बोलू?" अप्पाराव तळव्यावरच्या मातीकडे बघत म्हणाले. "ही माती न्हाई बाबा, ही दुधावरली साय हाय. ह्याच्यात काई बी पेरा, उगवंल. मी अप्पाराव अंबाजी, औरादकडचा. मी सांगतो, घ्या."

ओमकारनं गाडीतून नारळ, टॉवेल आणि पांढरी टोपी काढली. शिवराजनं त्याला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. अप्पारावांनी फेटा सोडून टोपी घातली. पाण्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. ते विसरले नव्हते; ते विचारायचं असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं. औरादकडे पाणी कुठवर येतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, घेणाऱ्याला तर असतंच. म्हणून जाणता फक्त माती बघतो. इथे घेणारे लोक तारनाक्याचे होते आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, हे अप्पारावांच्या डोक्यात आलं नाही. पुढे त्यांनी स्वतःला फार शिव्या दिल्या, पण त्या दिवशी ते अगदी सुखात होते.

ती फिल्म मराठी घरांतून फिरली. गणपती मंडळांच्या ग्रुपांत, नातेवाइकांच्या ग्रुपांत, हळदीकुंकवाच्या ग्रुपांत टोपीतले अप्पाराव माती चुरत होते. लोकांचे फोन यायला लागले. शिवराजची नोकरी राहिली. ओमकार आणखी एक पाऊल पुढे गेला. अप्पारावांना साइटवरच राहू दे, तो म्हणाला, पत्र्याची खोली देतो, बोअर आहे, थोडं हिरवं करून ठेवा, येणाऱ्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

सावित्रीबाईंनी स्टोव्ह, तवा आणि दोन गोधड्या बांधल्या. त्यांना मनातून जायचं नव्हतं. नळाला पाणी होतं, खाली किराणा होता, गुडघे दुखत होते. पण नवरा फावड्याला नवा दांडा बसवून दाराशी उभा होता, आणि इतक्या वर्षांत त्यांनी त्याला असा उभा पाहिला नव्हता.

मग दोघं राबली. ट्रॅक्टरनं एकदा नांगरून दिलं, बाकी सगळं हातानं. अप्पाराव पहाटे उठून ढेकळं फोडत, ऊन चढायच्या आत वाफे आखत. सावित्रीबाई बसल्या बसल्या पुढे सरकत खुरपत. उभं राहताना एक हात गुडघ्यावर आणि एक जमिनीवर टेकावा लागे. त्यांनी मेथी लावली, भेंडी लावली, गवार लावली, बांधाला अंबाडी लावली. म्हाताऱ्याच्या तळव्यांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. संध्याकाळी ते तळवे तो बायकोला दाखवायचा, जणू बाजारातून काही आणलंय.

एक दिवस वाफा खणताना फावड्याला कुरकुरीत काही लागलं. मातीत पांढरे शंख होते, नखाएवढे, ओंजळभर निघाले.

सावित्रीबाईंनी एक उचलून बघितला. "हे तळ्यातले हैत."

"तळ्यातला गाळ आनून टाकला आसंल कुनी. आपल्याकडं उन्हाळ्यात टाकत न्हाईत का? म्हनून तर माती अशी हाय."

"येवढ्या रानावर? कुनी टाकला?"

"टाकला आसंल कुनी. तुला लई कळतंय."

बाईंनी शंख पदरानं पुसला. शेळ्यावाल्या तेलुगू बायकांशी त्यांची ओळख झाली होती. अप्पारावांना तेलुगू येत नव्हतं, बाईंना कामापुरतं यायला लागलं होतं. "ती मल्लम्मा म्हनती, पानी त्या बाभळीपातूर येतं."

बाभळ त्यांच्या खोलीच्या मागे होती, चढावर.

"कधी येतं?"

"चांगला पाऊसकाळ झाला की."

"मग न्हाई येत. आता कुठं चांगला पाऊसकाळ व्हायलाय? तिच्या आज्याच्या वक्ताला आलं आसंल." अप्पारावांनी पुन्हा फावडं मारलं, जरा जोरातच. तो विषय तिथे संपला. नाही म्हणजे, पुढच्या रविवारी गाड्या आल्या तेव्हा अप्पारावांनी तेच शंख तळहातावर घेऊन गिऱ्हाइकांना दाखवले आणि गाळाचं रान कसं असतं ते समजावून सांगितलं. त्यांचा त्यावर पुरता विश्वास होता. ज्याला अर्धं आयुष्य गेल्यावर रान मिळालंय, त्यानं त्या रानाबद्दल वाईट ऐकावं कुठल्या कानांनी?

वैशाखात अनंतराव आणि सरोजबाई आले. तारनाक्याला तिसऱ्या मजल्यावर राहणारं जोडपं, मूलबाळ नाही. अनंतरावांनी हयात सरकारी कचेरीत काढली होती, जमिनीचेच कागद बघण्यात. वर्षापूर्वी लकव्यानं त्यांचा डावा हात आणि पाय गेला होता. लिफ्ट नेहमी बंद, म्हणून ते महिनोन् महिने खाली उतरलेले नव्हते. त्या दिवशी त्यांना खुर्चीतून खाली आणून गाडीत घातलं होतं, आणि साइटवर उतरवल्यावर ते नुसते सगळीकडे बघत राहिले.

"कागद बघायचेत का, सर?" ओमकारनं फाइल पुढे केली.

अनंतराव हसले. तोंड थोडं वाकडं व्हायचं, पण बोलणं कळायचं. "कागद आयुष्यभर बघितले हो. ते कसेही करता येतात. मला माणूस बघायचा होता." ते अप्पारावांकडे वळले. "तुम्ही इथं राहता?"

"हाव जी. मी आन् मंडळी."

"मग द्या बघू ती माती माझ्या हातात."

अप्पारावांनी ढेकूळ त्यांच्या चांगल्या हातात ठेवलं आणि ते कसं दाबायचं ते दाखवलं. ढेकूळ फुटलं, माती मांडीवर सांडली. सरोजबाई ती झटकायला पुढे झाल्या, तर नवऱ्यानं मान हलवून नको म्हटलं.

त्यांनी तारनाक्याचा फ्लॅट विकला. दोन खोल्या, पुढे पडवी, पायरी नाही, खुर्ची सरळ आत जाईल असा उंबरा नसलेला दरवाजा, असं घर घाईघाईनं उभं राहिलं. पहिलं फावडं सरोजबाईंनी अप्पारावांना मारायला लावला, कारण अप्पारावांनीच त्यांना ती चाल सांगितली होती. श्रावणात ती दोघं राहायला आली. तेवढ्या रानात घर त्यांचं एकट्यांचंच. बाकीच्यांनी नुसते दगड रोवून ठेवले होते. अनंतराव पडवीत बसून पेपर मोठ्यानं वाचत आणि अप्पाराव खाली वाफ्यात बसून ऐकत. सरोजबाई अंबाडीची भाजी मागून नेत, संध्याकाळी डब्यातून ताकातली कढी पाठवत. "अप्पाराव," अनंतराव एकदा म्हणाले, "मी पडलो ना, तेव्हा वाटलं होतं, आता ही भिंत आणि हा पंखा एवढंच बघायचं. तुमच्यामुळे हे बघतोय."  अप्पारावांनी हातातली मेथीची जुडी पडवीवर ठेवली आणि कामाला गेले.

त्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाला.

आधी सरींत पाणी उभं राहिलं आणि ओसरेना. भेंडीची पानं पिवळी पडली. अप्पारावांनी चर खणले, तर चरांत वरून नाही, खालून पाणी भरलं. ते दिवसभर चिखलात गुडघ्यापर्यंत रोवून उभे राहिले, चर खोल करत राहिले. सावित्रीबाई घमेल्यानं माती उचलून बांध घालत होत्या. मल्लम्मा चढावरून बघत होती.  तिचं एकदा सांगून झालं होतं. अप्पारावांनी मान वर करून बांधाकडे पाहिलं. उन्हाळ्यातलं डबकं आता बांधाला टेकून पसरलं होतं आणि त्याची कड त्यांच्या शेवटच्या वाफ्याला लागली होती. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. ते तळ्याच्या काठावर नव्हतेच. ते तळ्यात होते.

तरी त्या संध्याकाळी ते सरोजबाईंना म्हणाले, "वसरंल. उद्या ऊन पडंल." त्यांना तसं वाटत नव्हतं. तोंडून गेलं.

भाद्रपदातल्या त्या सकाळी खरोखरच ऊन पडलं होतं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. पण वरची तळी भरून सांडली होती आणि त्यांचं पाणी रात्रभर इकडे येत राहिलं होतं. सरोजबाईंनी हाक मारली तेव्हा पाणी पडवीतून आत शिरून पलंगाच्या पायांना लागलं होतं. अडवायला उंबरा नव्हता.

अप्पारावांनी मल्लम्माच्या नवऱ्याला हाक दिली. दोघांनी अनंतरावांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. पाणी आधी गुडघ्याला, मग मांडीला. खाली ती साय झालेली माती पाय धरून ठेवत होती. एक पाय काढावा तो दुसरा रुतावा. मध्यावर अप्पारावांचा तोल गेला आणि खुर्ची कलंडली. अनंतराव छातीपर्यंत पाण्यात गेले. त्यांनी चांगल्या हातानं अप्पारावांची मान घट्ट धरली. अनंतरावांचं धोतर ओलं झालं होतं ते नुसत्या पाण्यानं नव्हे, हे अप्पारावांना अंगाशी लागलेल्या उबेवरून कळलं, आणि अनंतरावांनी तोंड दुसरीकडे वळवलं.  चढावर सावित्रीबाईंनी कोरडी गोधडी काढून त्यांच्या अंगावर घातली.

ओमकारचा फोन लागेना. सरोजबाईंनी पुढे तक्रार केली, वकील केला. तळ्यांच्या खात्याची माणसं आली, त्यांनी पाण्यात उभ्या घराच्या भिंतीवर लाल रंगानं खूण केली आणि सांगितलं की घर तळ्याच्या हद्दीत आहे, पाडावं लागेल. वकील म्हणाला, बाई, जाहिरातीत खोटं असं काही नाही. माती काळी आहे. ओलावा आहे. तळं आहे.

अप्पाराव आणि सावित्रीबाई नल्लकुंट्याला परत आली. अप्पारावांनी ती टोपी घातली नाही, खिडकीपाशी बसले नाहीत. दोन दिवस ते अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"ती फिल्म काढून टाक," तिसऱ्या दिवशी ते शिवराजला म्हणाले.

"कंपनीच्या पानावरून काढायला लावतो, बापू. पण ती लोकांच्या फोनांत गेलीय. ती माझ्या हातात नाही."

"मग नोकरी सोड."

शिवराज मान खाली घालून उभा राहिला. "सोडली तर दुसरा कुणी लिहील. आणि घर?"

"तुला ठाऊक होतं?"

"मी पावसाळ्यात कधी गेलोच नव्हतो तिकडं. सरांनी जे सांगितलं ते चांगल्या भाषेत लिहिलं." त्यानं मान वर केली. "तुम्ही माती बघितली, मला वाटलं, आता तर पक्कंच झालं. मी तुमच्यावर भरोसा ठेवला, बापू."

 बाप लेकाच्या शब्दावर गेला होता आणि लेक बापाच्या. सावित्रीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तू बी वाईट न्हाईस, हे बी न्हाईत," त्या म्हणाल्या. "पर त्या बाईनं काय करावं, ते सांगा दोघं."

शिवराजनं इस्त्रीचा शर्ट चढवला आणि तो कामावर गेला.

दसऱ्यानंतर अप्पाराव पत्ता विचारत विचारत सरोजबाईंकडे गेले. त्यांनी तारनाक्याच्या मागच्या गल्लीत भाड्यानं खोली घेतली होती, चौथ्या मजल्यावर. परवडेल अशी तीच मिळाली. जिना इतका अरुंद होता की अनंतरावांना चादरीत घालून वर नेलं होतं म्हणे. अप्पाराव दारात चपला काढून उभे राहिले. मनात त्यांनी ठरवलं होतं की बाई शिव्या देतील, त्या खाली मान घालून ऐकायच्या. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि चहा टाकला.

"तुमची काय चूक, अप्पाराव?" त्या म्हणाल्या. "आम्हालाच अक्कल नव्हती."

"बाई, मी घ्या म्हनलो होतो. रान पास करनाऱ्यानं..." 

अनंतराव पलंगावर होते. भिंत आणि पंखा. पाण्यातून काढल्यापासून त्यांचं बोलणं आणखी अस्पष्ट झालं होतं. बाई वाकून ऐकत आणि सांगत. "ते विचारतायत, अंबाडी वाचली का म्हणून."

"न्हाई जी. बुडाली."

अनंतरावांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा काही पुटपुटले. ह्या वेळी बाईंनी ते सांगितलं नाही. त्या उठून चहाची कपबशी उचलू लागल्या. अप्पाराव निघाले तेव्हा जिन्यापर्यंत त्या सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते म्हणतात, आता खाली उतरायचं ते एकदाच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." अप्पाराव चारी मजले कठड्याला धरून उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले. आयुष्यात त्यांनी रान गमावलं होतं, भाऊ गमावले होते, पण ते तेव्हा रडले नव्हते. तिथे त्या अनोळखी जिन्यात ते टॉवेलात तोंड घालून रडले.

माघ संपता संपता पाणी ओसरलं. शिवराजनं सांगितलं नाही, पण अप्पारावांना कळलं, कारण शेजारच्या बाईनं कौतुकानं सावित्रीबाईंना फोन दाखवला: तुमचे हे पुन्हा आले की. तीच फिल्म होती, खाली नवं गाणं लावलेलं आणि मागच्या वर्षीपेक्षा कमी भाव. सरोजबाईंचं घर पाडून त्याचा मलबाही कंपनीनं हलवला होता. तिथे आता नुसती काळी जमीन होती.

त्या रविवारपासून अप्पाराव बसनं जायला लागले. रस्त्यावरून साइटकडे वळतात त्या वळणावर ते काठी घेऊन उभे राहत. पहिल्या दिवशी ओमकारनं त्यांना ओळखलं, हात जोडले आणि गाडीची काच वर केली. वॉचमननं हटकलं, पण रस्ता कंपनीचा नव्हता. गाडी आली की अप्पाराव हात आडवा करत. काही थांबत, काही वळसा घालून जात. थांबलेल्यांतला एखादा पाणी विचारी, म्हाताऱ्याला तहान लागली असेल म्हणून. सावित्रीबाई भाकरी बांधून देत आणि कुठे जाता म्हणून विचारत नसत.

फाल्गुनातल्या एका रविवारी पांढरी गाडी थांबली. आत तिशीतला चष्मेवाला तरुण आणि त्याची बायको, मागे म्हातारी सासू.

"काका, तुम्हीच ना ते?" तरुण आनंदानं खाली उतरला. "रंजना, बघ, तेच आहेत. काका, मी चेतन. आम्ही चिक्कडपल्लीचे. तुमची फिल्म बघूनच आलो."

"घेऊ नका," अप्पाराव म्हणाले. "ते तळं हाय. पाऊसकाळात पानी मांडीएवढं येतं. मागल्या साली एक घर बुडालं, मी सोता मानूस उचलून काढला."

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. रंजनानं गाडीतूनच फोन उघडला. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता म्हणून तिनं आवाज मोठा केला. 'मी अप्पाराव अंबाजी, औरादकडचा. मी सांगतो, घ्या.'

"हे तुम्हीच बोलताय ना, काका?"

"मीच."

"मग?"

"ते चुकलं माझं. आता जे सांगायलोय ते खरं धरा."

"काकांचं कंपनीशी काही वाजलं असेल," रंजना नवऱ्याला हिंदीत म्हणाली, काकांना कळणार नाही अशा समजुतीनं. "पैसे नसतील दिले." मागची म्हातारी म्हणाली, एवढं लांब आलोच आहोत तर बघून जाऊ, बघायला काय लागतंय.

चेतन भला मुलगा होता. त्याला म्हाताऱ्याला दुखवायचं नव्हतं. "ठीक आहे काका, तुम्हीच दाखवा ना मग, कुठवर पाणी येतं ते," तो म्हणाला. अप्पारावांनी त्याला रानात नेलं. त्यांनी बांध दाखवला, चढावरची बाभळ दाखवली, काठीनं हवेत रेघ ओढून पाणी कुठवर होतं ते दाखवलं. पण आभाळ निरभ्र होतं, बांधाजवळ डबकं चमकत होतं, आणि जमीन पायाखाली खणखणीत कोरडी होती. अप्पाराव जिथे बोट दाखवत तिथे चेतनला काहीच दिसत नव्हतं. तो हो हो करत ऐकत होता.

मग तो उकिडवा बसला. त्यानं एक ढेकूळ उचललं आणि दोन्ही तळव्यांत धरून दाबलं, अगदी फिल्ममध्ये बघितलं होतं तसं. ढेकूळ फुटलं. नव्या गाळाची माती होती, गेल्या सालापेक्षाही मऊ. त्याच्या बोटांतून ती भुरभुरत खाली सांडली.

"पण काका," चेतन वर बघत म्हणाला, "तुम्ही जाणते आहात. एकच खरं सांगा. माती चांगली आहे की नाही?"

अप्पारावांनी खूप वेळ त्या मातीकडे बघितलं.  समोरचं पोरगं वाट बघत होतं.

"चांगली हाय," ते म्हणाले.

चेतननं हात झटकले आणि बायकोला ये म्हणून खूण केली.